एकांताचे देणे

'एकांत' आणि 'एकटेपण' असे दोन निराळे शब्द मराठीने जपून ठेवले, हे तिचे आपल्यावर मोठेच उपकार आहेत. बाहेरून पाहता दोन्ही अवस्था सारख्याच. माणूस एकटा, भोवती कोणी नाही. तरीही पहिला शब्द उच्चारताच मन निवते आणि दुसरा उच्चारताच ते चरकते. एकांत माणूस शोधीत जातो. एकटेपण मात्र न बोलावता घरी येऊन बसते. हा भेद कशाने पडतो? आणि ज्याच्या वाट्याला संसार, नोकरी, आजारपण आणि माणसांची वर्दळ आली आहे, त्याला रोजच्या जगण्यात एकांत मिळू शकतो का? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांना हा प्रश्न परका वाटू नये. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि छावणीचेच पुढे शहर झाले. 'लष्कर' हे नाव आजही त्याची साक्ष देते. छावणीत एकांत कुठला! पुढे वाडे उभे राहिले, तरी माणसांची दाटी तशीच राहिली. चुलत-मावस नातेवाईक, आश्रित, विद्यार्थी, येणारे-जाणारे यांनी भरलेल्या त्या घरांत मनुष्याला क्षणभर आपल्यापुरते बसावयाचे झाले, तर देवघराखेरीज जागा नसे. आज चित्र उलटे झाले आहे. महाराज बाड्यावरचा गजबजाट वाढला. पण त्याला लागून असलेल्या गल्ल्यांतील कित्येक जुन्या घरांत एकच दिवा लागतो. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा सातासमुद्रापार. पूर्वी माणसे होती आणि एकांत नव्हता. आता माणसे नाहीत, म्हणून एकांत लाभला असे मात्र कोणी म्हणत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना मराठी ख्रिस्ती जीवनाकडे वळावेसे वाटते. त्याचे कारण असे की, एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी स्त्री-पुरुषांनी हा धर्म स्वीकारला, त्यांचे घर, गोत, सण आणि पंगत हे सारे एका दिवसात सुटले. एकटेपण त्यांना आधी भोगावे लागले, एकांत त्यांना त्यातून घडवावा लागला. परधर्मातील साधकांकडे आदराने पाहण्याची रीत आपल्या शहराला नवी नाही. बीडचे सुफी सत्पुरुष मन्सूरशहा यांना महादजी शिंद्यांनी गुरुस्थानी मानले, आणि त्यांचे स्थान शिंदे घराण्याने बाड्यावरच्या गोरखीत आजवर जपले. तेव्हा नगर, केडगाव, वसई येथील ख्रिस्ती माणसांकडून काही शिकावे, तर त्यात परंपरेला सोडून काही केले असे होणार नाही.

ख्रिस्ती परंपरेत एकांताची दोन चित्रे फार जुनी आहेत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधार असताना उठून निर्जन ठिकाणी प्रार्थनेला जातो. पण लगेच शिष्य त्याला शोधीत येतात. सारे लोक तुझा शोध करीत आहेत, असे सांगतात. तो त्यांच्यावर रागावत नाही आणि तिथे बसूनही राहत नाही. उठतो आणि आसपासच्या गावांकडे चालू लागतो. दुसरे चित्र लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया या दोघी बहिणींचे. मरिया पाहुण्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था स्वयंपाकघरात राबते आणि शेवटी तक्रार करते. येशू मरियेची बाजू घेतो. पण त्या दिवशी सर्वांच्या पानात जे वाढले गेले ते कोणी रांधले, हा साधा प्रश्न वाचकाच्या मनात उरतोच. निदान ज्या घरात पाहुण्यांचा राबता आहे, त्या घरच्या बाईच्या मनात तरी नक्कीच उरतो.

या प्रश्नाला एक उत्तर सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठातून मिळाले. कार्मेल हे नाव आपल्या शहरात शाळेमुळे परिचित आहे. त्याच कार्मेल संप्रदायाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू आचारी होते. तरुणपणी ते सैनिक होते. स्वयंपाकाची त्यांना स्वभावतः नावड होती. त्याच स्वयंपाकघरात त्यांनी बरीच वर्षे काढली आणि देवाच्या सान्निध्याचा अभ्यास केला. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना पुढे भेद उरला नाही. भांड्यांच्या खणखणाटातही चित्त तितकेच शांत राहू लागले. १६९१ मध्ये ते वारले. त्यांची पत्रे आणि संभाषणे पुढे पुस्तकरूपाने जगभर गेली.

आपल्याला हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही. जनाबाईचे जाते आणि सावता माळ्याचा मळा आपण बाळपणापासून ऐकत आलो. पण आपल्याच संतकथांत गोरोबाकाकांचीही कथा आहे. ते विठ्ठलाच्या नामात इतके बुडाले की चिखल तुडविताना आपले मूल पायाखाली आले, हे त्यांना कळले नाही. कथेत मूल पुन्हा जिवंत होते. ती कथा ऐकताना आपण भक्तीला हात जोडतो. पण पाणी आणायला गेलेल्या त्या मुलाच्या आईने परत आल्यावर काय पाहिले, याचाही विचार करावयास हवा. ईश्वराचे सान्निध्य मिळविताना शेजारच्या माणसाचे सान्निध्य सुटले, तर त्याची भरपाई कोणी करावयाची? ब्रदर लॉरेन्स यांना हा प्रश्न पडला नसावा, कारण त्यांना बायको-मुले नव्हती. जेवणाची, झोपेची आणि उपासनेची वेळ मठाची घंटा ठरवीत होती. त्यांच्या एकांताभोवती मठाची भिंत होती.

ज्यांच्या एकांताला भिंत नव्हती, असे एक मराठी कुटुंब म्हणजे टिळकांचे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कोकणातल्या करजगावी जन्मलेले, संस्कृताचे व्यासंगी, जातिवंत कवी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची भावना होती, आणि ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि कीर्तन देऊन त्यांनी ती खरी करून दाखविली. अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना आजही धीट वाटते.

या तेजस्वी चित्राची दुसरी बाजू त्यांच्या पत्नीने लिहून ठेवली नसती, तर आपल्याला कळलीच नसती. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. त्यांत दिसणारे टिळक थोर आहेत, प्रेमळ आहेत. पण घरात न सांगता निघून जाणारे, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारे आणि चूल कशी पेटते याचा विचार न करणारेही आहेत. १८९५ नंतरची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी लहानग्या मुलासह नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्यांपैकी काही काळ पंढरपुरात. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला, अशी ती अवस्था होती. टिळकांनी आपल्या सत्याच्या शोधात जे एकटे पाऊल टाकले, त्याचे मोल पत्नीने लोकांच्या दारी राहून चुकविले. हे सांगताना टिळकांना दोष देण्याचा हेतू नाही. सत्य पटल्यावर त्यांनी ते लपविले असते, तर तोही अपराधच ठरला असता. पण एका माणसाचा एकांत दुसऱ्या माणसाच्या एकटेपणावर उभा राहू शकतो, हे आपण एकदा स्पष्टपणे मान्य करावयास हवे. संन्याशाच्या कथा आपण ऐकतो. संन्याशाच्या घरी त्या दिवशी काय शिजले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा प्रवास मात्र फार निराळ्या वाटेने झाला. त्यांचे वडील सोवळ्याच्या वेडाने ग्रासलेले होते. घरात आलेली वस्तू न वस्तू धुतली जात असे. माणसांपासून दूर राहणे म्हणजे शुद्धता, ही शिकवण त्यांना बाळपणीच मिळाली होती. एकांताचे हे खोटे रूप होय. त्यात माणूस दूर होतो खरा, पण स्वतःच्या भयाबरोबर कोंडला जातो. नगरला टिळकांकडे परतल्यावरही प्रथम त्यांनी आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. मग हळूहळू, प्रवचन ऐकून नव्हे तर रोजच्या पाण्या-अन्नाच्या व्यवहारात विचार करता करता, जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला. त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच शोधले आणि ते पटताच कोणाच्याही हातचे पाणी घेतले. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा एकांत डोंगरावर नव्हता. पाण्याच्या एका भांड्यापुढे विचार करीत थांबण्याइतकाच तो होता. तेवढ्या एकांतात पिढ्यानपिढ्यांचे भय गळून पडले आणि परिणाम काय, तर त्यांच्या घरचे दार उघडले. पुढे अनाथ, आजारी, भुकेली अशी कितीतरी माणसे त्या दारातून आत आली.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले होते. ते अपुरे राहिले, आणि लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ते पुढे नेले. पतीच्या एकांताचे देणे त्यांनी अशा रीतीने फेडले, की देणे कोणाचे आणि फेडले कोणी, हे विचारताना आपल्यालाच संकोच वाटतो.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२). दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये, विवाहाला दोन वर्षेही पुरी झाली नसताना, पती गेले. वयाची पंचविशी उलटण्याआधीच त्यांच्याजवळ एका लहान मुलीखेरीज कोणी उरले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या स्पष्टपणे सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ही कबुली लहान नाही. धर्म बदलला, ग्रंथ बदलले, तरी सान्निध्य आपोआप येत नाही, हे त्यांनी जगासमोर मांडले.

त्या आठ वर्षांत त्या काही स्वस्थ बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन परतल्या. त्यांतून केडगावचे 'मुक्ती' उभे राहिले. १९०५ मध्ये तिथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीची, रात्र-रात्र चाललेल्या प्रार्थनांची वर्णने देशोदेशी गेली. पण रमाबाईंच्या एकांताचा शोध घ्यावयाचा, तर तो त्या उत्कट रात्रींपेक्षा दुसऱ्या एका कामात अधिक सापडतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. अल्पशिक्षित बाईला वाचता यावे, ही त्यामागची कसोटी. मोठ्या आश्रमाचे धान्य, पाणी, आजार, पत्रव्यवहार हे सारे चालू असताना, वर्षानुवर्षे, एकेका शब्दापाशी त्या थांबत राहिल्या. छपाई आश्रमाच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून होत असे. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, त्यांनीही देह ठेवला.

एका शब्दापाशी थांबणे, हा रमाबाईंचा एकांत होता. त्याला वेगळी खोली लागली असेल-नसेल. पण ज्या मुलीसाठी तो शब्द शोधावयाचा, ती मनासमोर सतत हवी होती. इथे एकांत आणि माणसे परस्परांच्या आड येत नाहीत. हा एकांत माणसांसाठीच आहे. त्यातून जो धीर मिळतो, तोही त्यामुळेच स्वतःपुरता राहत नाही.

तिसरे उदाहरण व्यक्तीचे नाही, रिवाजाचे आहे. वसईच्या मराठीभाषक कॅथलिक गावांत पूर्वापार संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की माणसे हातातले काम क्षणभर थांबवीत, आणि रात्री जेवणापूर्वी सारे कुटुंब मिळून जपमाळेची प्रार्थना करी. आजही कित्येक घरांत ती होते. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुबोध बायबल' लिहीत होते आणि वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावरही उतरत होते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. या घंटेचे मर्म असे की, ती सर्वांसाठी एकाच वेळी वाजते. बापाने प्रार्थनेला बसावे आणि आईने तेवढ्यात भाकऱ्या उरकाव्यात, अशी सोय तिच्यात नाही. मार्था आणि मरिया दोघी एकदमच बसतात. थोडाच वेळ, पण सर्वांना. रोज, पण कोणाच्या खर्चाने नव्हे. प्रापंचिक माणसाला परवडेल असा एकांत कदाचित याच आकाराचा असतो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. कामातच देव आहे, ही शिकवण फार सोयीची आहे. घरातल्या सुनेला, मोलकरणीला किंवा दिवसरात्र रुग्णाची उशी-पांघरूण करणाऱ्या वृद्ध पत्नीला आपण सहज सांगून मोकळे होतो, की तुझी सेवा हीच पूजा. मग तिला घटकाभर सोडविण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. आक्षेप खरा आहे. यावर एवढेच म्हणता येईल की, चुलीपाशी देव भेटला असे जनाबाईने म्हणावे, ब्रदर लॉरेन्सने म्हणावे. ते त्यांच्या अनुभवाचे बोल आहेत. पण ओसरीवर बसलेल्याने माजघरातल्या बाईला ते ऐकवू नये. स्वतःच्या कष्टात सान्निध्य शोधणे ही साधना. दुसऱ्याच्या कष्टांना साधना ठरविणे ही चतुराई. त्या माणसासमोर करण्यासारखी गोष्ट एकच : उठावे आणि तासभर त्याचे काम आपण करावे. त्या तासात तो प्रार्थना करील की झोपेल, हे त्याचे त्याने ठरवावे.

हाच विचार उलट बाजूनेही करावा लागतो. ज्याच्या घरी कोणी येत नाही, त्या वृद्धाला एकांताचे माहात्म्य सांगणे हीदेखील तशीच चतुराई आहे. एकांत म्हणजे परतता येईल अशी वाट. शिष्य शोधीत आले म्हणून येशूची ती पहाट एकांत ठरली. कोणीच शोधीत आले नसते, तर तिला दुसरे नाव द्यावे लागले असते. अनाथांना आणि विधवांना त्यांच्या संकटात जाऊन भेटणे हाच शुद्ध धर्म, असे याकोबाचे पत्र सांगते. त्या वचनाचा भर जाऊन भेटण्यावर आहे. मदत पाठविता येते, पैसाही पाठविता येतो. भेटीला मात्र स्वतःच जावे लागते.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते की, एकांत ही एकट्याने मिळविण्याची वस्तू नव्हे. ती माणसांनी एकमेकांना द्यावयाची असते. मला जो निवांत क्षण मिळतो, तो कोणीतरी दार सांभाळल्यामुळे मिळतो. आणि त्या क्षणात जो धीर मिळतो, तो कोणाच्या तरी दारापर्यंत नेला, तरच ते देणे फिटते. टिळकांच्या घरात हा हिशेब फार उशिरा आणि फार महागात जुळला. वसईच्या घंटेने तो रोज थोडा-थोडा जुळवीत ठेवला.

आपल्या जुन्या वाड्यांत एकेकाळी देवघराचे दार कोणीतरी बाहेरून ओढून घेत असे आणि पोरांना दटावीत असे, "गडबड करू नका, आजोबा पूजेला बसलेत." आजोबांची पूजा त्या ओढलेल्या दाराने पुरी होत होती. आता आवाज करणारी पोरेच घरात नाहीत, आणि दार ओढून घेणारेही कोणी नाही. तेव्हा या ऋतूत, आपल्या गल्लीतल्या ज्या घरात एकच दिवा लागतो, त्या घराचे दार कोणीतरी वाजवावे. आत गेल्यावर उपदेश करू नये. थोडा वेळ बसावे, विचारले तर बोलावे, चहा ठेवला तर घ्यावा आणि पुन्हा येण्याचा वार सांगून उठावे. पुढच्या भेटीपर्यंतचे दिवस त्या माणसाला कदाचित एकांत म्हणून भोगता येतील.